आधी स्लाइड बदला: वैद्यकीय शिक्षकांना वंशभेदविरोधी अध्यापनाचं प्रशिक्षण देताना

वैद्यकीय महाविद्यालयात वंशभेदावर प्रशिक्षण ठेवायचं ठरलं की कार्यक्रमाचा साचा ठरलेलाच असतो. बाहेरून वक्ते येतात, दोन तास व्याख्यान होतं, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि सोमवारी वर्गात तीच जुनी स्लाइड पुन्हा पडद्यावर येते. व्याख्यान वाईट असतं असं नाही. पण सुप्त पूर्वग्रह (नकळत मनात बसलेले) कमी करण्याच्या नऊ पद्धती तपासणारा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. नऊही पद्धतींचा परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत ओसरला. दोन तासांत माणसाचं मन धुऊन निघेल ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

म्हणून या लेखातला आराखडा शिक्षकाचं मन बदलण्यापासून सुरू होत नाही. तो शिक्षकाच्या हातातल्या वस्तूंपासून सुरू होतो: स्लाइड, केस (शिकवण्यासाठी लिहिलेलं रुग्णाचं उदाहरण), प्रश्नपेढी, गुणपत्रक, शिफारसपत्र. या वस्तू दुरुस्त झाल्या की शिकवणाऱ्याच्या मनात काहीही असलं तरी विद्यार्थ्यापर्यंत चुकीचं कमी पोहोचतं. शिवाय स्वतःची स्लाइड स्वतःच्या हातांनी दुरुस्त केलेला प्राध्यापक पुढच्या चर्चेला वेगळ्या तयारीने बसतो.

हा लेख ज्यांच्या गळ्यात हे काम पडलं आहे त्यांच्यासाठी आहे: वैद्यकीय शिक्षण विभागातले लोक, अभ्यासक्रम समन्वयक, विभागप्रमुख. आराखडा एका शैक्षणिक वर्षाचा आहे. उदाहरणं वंशाची आहेत, कारण यावरचं संशोधन मुख्यतः अमेरिका-ब्रिटनमधलं आहे. वंशाच्या जागी जात, धर्म, भाषा किंवा प्रांत ठेवला तरी कामाची रीत बदलत नाही.

पायरी १: कशावर काम करायचं ते ठरवा

शिकवण्यात वंशभेद तीन ठिकाणांहून शिरतो. एक, काय शिकवतो त्यातून: सूत्रं, केस, छायाचित्रं. दोन, कसं वागतो त्यातून: वर्गात, वॉर्डात, ऑपरेशन थिएटरमध्ये. तीन, गुण कसे देतो त्यातून. पहिल्या वर्षी तिन्ही ठिकाणी सारखा जोर लावायला जाल तर कुठेच काही होणार नाही. पहिल्यापासून सुरुवात करा, कारण तिथे पुरावा सर्वांत ठोस आहे आणि कुणाच्या अहंकाराला थेट धक्का लागत नाही.

उद्दिष्ट लिहिताना ‘जाणीव निर्माण करणे’ असले शब्द टाळा. ‘वर्षअखेर प्रत्येक विभागाच्या किमान दहा केस तपासून दुरुस्त झालेल्या असतील’ हे उद्दिष्ट झालं. ते पूर्ण झालं की नाही, हे कुणालाही पाहता येतं.

पायरी २: प्रशिक्षणाच्या आधी पाहणी

एक विषय निवडा. त्याच्या सगळ्या स्लाइड, केस, एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) आणि ओएससीईची (टप्प्याटप्प्याने घेतल्या जाणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेची) स्टेशनं गोळा करा आणि साध्या एक्सेलमध्ये तक्ता करा. प्रत्येक नोंदीपुढे हे प्रश्न ठेवा: रुग्णाचा वंश किंवा समाज लिहिला आहे का? लिहिला असेल तर निदानाला किंवा उपचाराला त्याचा उपयोग आहे का? गोऱ्या रुग्णाच्या बाबतीतही तो लिहिला असता का? त्वचेचं छायाचित्र असेल तर ते कोणत्या वर्णाचं आहे? एखाद्या सूत्रात वंशाचा गुणक (वंशावरून उत्तर बदलणारा आकडा) आहे का? रुग्णाबद्दल ‘ऐकत नाही’, ‘सहकार्य करत नाही’, ‘दावा करतो’ अशी भाषा आहे का?

दोन जणांनी हे काम स्वतंत्रपणे करावं आणि मग ताडून पाहावं. एकेकटी नोंद बहुधा निरुपद्रवी दिसते, दोष उघडा पडतो तो सगळ्या नोंदी एकत्र पाहिल्यावर. लैंगिक आजारांच्या केसमध्ये एकाच वंशाचे रुग्ण, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात कायम गोरं मूल, व्यसनाच्या प्रत्येक प्रश्नात त्याच वस्तीतला तरुण. यातली कुठलीही एक केस कुणी वाईट हेतूने लिहिलेली नसते. पण पाच वर्षं अशाच केस सोडवणारा विद्यार्थी त्यातून नमुना ओळखायला शिकतो, कारण नमुना ओळखायलाच आपण त्याला शिकवत असतो.

विद्यार्थ्यांना या कामात घ्या, पण मोबदला देऊन किंवा क्रेडिट देऊन. फुकट राबवू नका.

गुणांची आकडेवारी पाहायची असेल तर ती नावांशिवाय मागवा आणि गट फार लहान असतील तर चार-पाच वर्षांची आकडेवारी एकत्र करा. दोन विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी छापणं म्हणजे त्या दोघांची गुणपत्रिका भिंतीवर लावणं. छळाच्या तक्रारींचा आकडाही मागवा, पण तो शून्य आला म्हणून निश्चिंत होऊ नका. तक्रार करून काही होत नाही हे जिथे सगळ्यांना ठाऊक असतं, तिथेही आकडा शून्यच येतो.

पायरी ३: कोण शिकवणार, कोण बसणार

सर्वांत सोपी आणि सर्वांत वाईट वाट म्हणजे विभागातल्या एकमेव कृष्णवर्णीय किंवा अल्पसंख्य सहकाऱ्याला ‘तुम्हीच घ्या ना हे’ म्हणणं. त्यांचं संशोधन मागे पडतं, बढतीच्या फायलीत हे काम मोजलं जात नाही आणि वर सहकाऱ्यांची नाराजीही त्यांच्याच वाट्याला येते. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणात या ओझ्याला ‘मायनॉरिटी टॅक्स’ असं नावच पडलं आहे. त्यांना स्वतःहून यायचं असेल तर अध्यापनाचे तास कमी करून द्या आणि हे काम बढतीच्या निकषांत लेखी धरा.

प्रशिक्षकांची जोडी असावी. एक क्लिनिकल माणूस, ज्याच्या वैद्यकीय ज्ञानावर समोरचे विश्वास ठेवतील, आणि एक समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य किंवा शिक्षणशास्त्र जाणणारा. एकट्या डॉक्टरला इतिहास कमी पडतो, एकट्या समाजशास्त्रज्ञाला ‘पण क्रिएटिनिनचं काय?’ अशा वैद्यकीय प्रश्नावर अडवलं जातं.

गट बारा ते पंधरा जणांचा. विभागप्रमुख आणि त्यांचेच रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारे निवासी डॉक्टर) एका गटात ठेवू नका, रेसिडेंट तोंड उघडणार नाहीत. डीन येणार असतील तर उद्घाटनाला नकोत. पूर्ण सत्रभर सहभागी म्हणून बसणार असतील तरच बोलवा. ओपीडी सांभाळून, जेवणाच्या सुट्टीत हे सत्र घेऊ नका. वेळ मोकळा करून दिला नाही की संस्थेच्या लेखी हे काम दुय्यम आहे, असा निरोप आपोआप जातो.

पायरी ४: पहिलं सत्र मूत्रपिंडापासून सुरू करा

पहिल्या तासात ‘तुमच्यात पूर्वग्रह आहेत’ हे वाक्य उच्चारू नका. डॉक्टर आकड्यावर विश्वास ठेवतात, तर आकड्यापासूनच सुरू करा.

फळ्यावर एक रुग्ण लिहा. सीरम क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंड बाहेर टाकतं तो पदार्थ), वय आणि लिंग यांवरून ईजीएफआर येतो १८. मूत्रपिंडाचं काम किती उरलं आहे याचा हा अंदाज. हा अंदाज काढण्याच्या सीकेडी-एपीआय नावाच्या २००९च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१५९ ने गुणायचं असे. गुणा: २०.९. आता सांगा की अमेरिकेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षाकाळ मोजायला सुरुवात होण्यासाठी हा आकडा २० किंवा त्याखाली लागतो. तोच माणूस, तेच रक्त, आणि केवळ वंशाच्या रकान्यामुळे तो रांगेच्या बाहेर.

इथे थांबा. गुणक का घातला गेला, हे गटालाच शोधू द्या. कुणीतरी सांगेल की कृष्णवर्णीयांचे स्नायू जास्त असतात म्हणून. मग विचारा: कुणाचे? मॅरेथॉन धावणाऱ्याचे की अंथरुणाला खिळलेल्या आजीचे? मिश्र वंशाच्या माणसाला किती टक्के गुणक लावायचा? हा रकाना नोंदणीच्या खिडकीवर कुणी भरला, रुग्णाने की कारकुनाने?

यानंतर पुढची गोष्ट सांगा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशन आणि नेफ्रॉलॉजी सोसायटीच्या संयुक्त गटाने वंशाशिवायचं नवं सूत्र वापरण्याची शिफारस केली. २०२३ पासून, जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचा प्रतीक्षाकाळ सुधारून देणं प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक झालं. बदल शक्य असतो आणि तो कागदावर येतो, हे गटाला इथे दिसतं. प्रामाणिकपणे हेही सांगा की नव्या सूत्रातही चूक शिल्लक राहते आणि क्रिएटिनिनसोबत रक्तातलं सिस्टॅटिन-सी हे प्रथिन मोजलं तर अंदाज अधिक नेमका येतो. फक्त विजयाची कथा सांगणाऱ्या प्रशिक्षकाला गटातला पहिला नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) पाडतो.

दुसरं उदाहरण पल्स ऑक्सिमीटर, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतल्या रक्ताची ऑक्सिजन पातळी प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळलं. यंत्राच्या मनात पूर्वग्रह नसतो, हे वाक्य गटातलं कुणीतरी म्हणतंच. बरोबर आहे, नसतो. तरीही ऑक्सिजन कुणाला मिळतो आणि कुणाला नाही, हे त्या यंत्रावर ठरत होतं. आपल्याला शिकवायचं आहे ते इतकंच.

तिसरं स्पायरोमेट्रीचं (फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजण्याचं), विशेषतः ज्यांना वाटतं की हा फक्त कृष्णवर्णीयांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. अनेक स्पायरोमीटर कृष्णवर्णीयांची ‘सामान्य’ फुप्फुसक्षमता १० ते १५ टक्क्यांनी आणि आशियाईंची ४ ते ६ टक्क्यांनी कमी धरत आले. म्हणजे क्षमता खरोखर घटलेली असली तरी अहवालात ‘नॉर्मल’ येण्याची शक्यता वाढते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये वंशनिरपेक्ष संदर्भमूल्यं वापरायला सांगितलं.

सत्राच्या शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येकाला एकच काम द्या: तुमच्या विषयात वंशावरून बदलणारा आकडा, डोस किंवा निकष कोणता, तो कुठून आला आणि आज त्याचं काय झालं आहे? उत्तर पुढच्या सत्रात आणायचं.

इतिहासाचं काय? अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराशिवाय ठेवलं गेलं, पेनिसिलिन सर्वमान्य उपचार झाल्यावरही. स्त्रीरोगशास्त्रातली फिस्टुलाची (प्रसूतीत योनिमार्गाला पडणाऱ्या छिद्राची) शस्त्रक्रिया १८४०च्या दशकात ज्यांच्या शरीरांवर भूल न देता घडवली गेली त्या अनार्का, लूसी आणि बेट्सी या गुलाम स्त्रिया होत्या. हे शिकवायलाच हवं, पण धक्का देण्यासाठी पहिल्या तासात नको. आणि ‘इतिहासामुळे त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नाही’ एवढ्यावर सोडूही नका. मागच्या आठवड्यात कॅज्युअल्टीत रुग्णाला कशी वागणूक मिळाली, यावरही विश्वास ठरतो. तो आठवडा आपल्या हातात आहे, १९३२ नाही.

सुप्त पूर्वग्रह मोजणारी ऑनलाइन चाचणी अनेक ठिकाणी पहिल्याच दिवशी करून घेतात. मी घेणार नाही. एका व्यक्तीचं निदान करण्याइतकी ती स्थिर नाही. ज्याचा निकाल वाईट येतो तो चाचणीशी भांडत बसतो, ज्याचा चांगला येतो तो सुटलो म्हणून निवांत होतो.

पायरी ५: स्लाइड दुरुस्तीची कार्यशाळा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या, तीन तासांची दोन सत्रं तरी. प्रत्येकाने स्वतःचा लॅपटॉप आणि स्वतःच्याच पाच स्लाइड किंवा केस घेऊन यायचं. दुसऱ्याच्या चुका काढायला सगळेच हुशार असतात.

केसची पहिली ओळ घ्या. ‘४५ वर्षांचा कृष्णवर्णीय पुरुष, उच्च रक्तदाब, औषधं नीट घेत नाही.’ पहिला प्रश्न: वंश इथे का आहे? उत्तर ‘सवयीने’ असेल तर काढा. दुसरा प्रश्न: ‘नीट घेत नाही’ हे निरीक्षण आहे की निवाडा? दुरुस्त ओळ अशी होऊ शकते: ‘४५ वर्षांचे ट्रकचालक. रक्तदाबाचं औषध तीन महिन्यांपासून बंद. कारण विचारल्यावर सांगतात की गोळीने वारंवार लघवीला लागतं आणि रस्त्यात थांबता येत नाही.’ आता विद्यार्थ्याला विचार करायला काहीतरी मिळालं. औषध बदलायचं की वेळ बदलायची, यावर चर्चा होते. मूळ ओळीत चर्चेला जागाच नव्हती, दोष आधीच रुग्णाच्या माथी मारलेला होता.

वंश सगळीकडून पुसून टाकायचा असा याचा अर्थ काढला जातो, तो चुकीचा आहे. ऑक्सिमीटरची चूक सापडली ती रुग्णांच्या नोंदीत वंश होता म्हणूनच. नियम असा ठेवता येतो: वंशभेदाचा परिणाम शिकवायचा असेल तर वंश लिहा आणि तो परिणाम उघडपणे शिकवा. आनुवंशिकता शिकवायची असेल तर वंशाऐवजी कुटुंबाचा इतिहास, पूर्वजांचा प्रदेश किंवा थेट जनुक लिहा.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार याचं उत्तम उदाहरण. अनेक स्लाइडवर तो ‘कृष्णवर्णीयांचा आजार’ असतो. प्रत्यक्षात त्याचा नकाशा मलेरियाच्या नकाशाशी जुळतो: सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, अरबस्तान, मध्य भारत. वर्णाकडे पाहून निदान करणारा डॉक्टर ग्रीक किंवा सौदी रुग्णाचं निदान चुकवतो. कार्बामाझेपिन हे अपस्माराचं औषध दुसरं. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना या औषधाने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम (त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया) होण्याचा धोका असतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत आधी चाचणी करायला सांगितलं. पण हान चिनी लोकांत बऱ्यापैकी आढळणारा हा प्रकार जपानी आणि कोरियन लोकांत फारच विरळा आहे. ‘आशियाई’ या एका खोक्यात कोण कोण कोंबलंय, हे विद्यार्थ्याला दिसलं पाहिजे.

आता त्वचा. इथे बरेच शिक्षक मनापासून चकित होतात. ‘लालसर पुरळ’, ‘निळसर ओठ’, ‘फिकट चेहरा’ ही चिन्हं गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली आहेत. गडद त्वचेवर सूज-दाहाची लाली जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसते. कधी दिसतच नाही, हात लावून उष्णता, ताठरपणा आणि दुखरेपणा पाहावा लागतो. सायनोसिस (ऑक्सिजन कमी पडल्याने येणारा निळेपणा) ओठांच्या आतल्या बाजूला, जिभेवर आणि पापणीच्या आत पाहायचं. रक्तक्षय पापणीच्या आत आणि तळहातावर, कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात आणि टाळूवर. पुरळ गेल्यावर मागे राहणारे काळे डाग हेच कित्येकदा रुग्णाचं मुख्य दुःख असतं आणि स्लाइडवर त्याचा उल्लेख नसतो.

प्रत्येक त्वचाचिन्हासाठी किमान दोन छायाचित्रं ठेवा, एक फिकट आणि एक गडद वर्णाचं, आणि दोन्ही शेजारी. गडद त्वचेची सगळी चित्रं शेवटी ‘विशेष बाबी’ म्हणून एकत्र ठेवली की तीच चूक नव्या जागी होते. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कर्करोगाच्या) स्लाइडवर तळपाय आणि नखाखालचा मेलानोमा हवाच, कारण गडद वर्णाच्या लोकांत मेलानोमा व्हायचा तर तो बहुधा तिथे होतो. प्रसिद्ध गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६व्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यावर सुरू झालेल्या मेलानोमाने. हे उदाहरण विद्यार्थी विसरत नाहीत. नवजात बाळाच्या अपगार गुणांत (जन्मताच प्रकृती मोजण्याच्या गुणांत) रंगासाठी ‘गुलाबी’ हा निकष १९५०च्या दशकापासून चालत आला आहे. ब्रिटनमधल्या एनएचएस रेस अँड हेल्थ ऑब्झर्व्हेटरीच्या २०२३च्या आढाव्याने त्यावर नेमकं बोट ठेवलं. प्रसूतिशास्त्र आणि बालरोग विभागाला एकत्र बसवून विचारा: सावळ्या बाळाच्या बाबतीत तुम्ही ‘गुलाबी’ कुठे पाहता? उत्तरं जुळत नाहीत, आणि चर्चा तिथून सुरू होते.

आणखी एक प्रकार काढून टाकण्याजोगा: ‘अमुक समाजाचे लोक वेदना मोठ्याने व्यक्त करतात, तमुक समाजाचे सहन करतात’ असले तक्ते. २०१७ साली एका मोठ्या प्रकाशकाला नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातला असाच मजकूर माफी मागून काढावा लागला. हे तक्ते निरागस नाहीत. २०१६च्या एका अमेरिकी अभ्यासात २२२ गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि रेसिडेंट होते. कृष्णवर्णीयांची त्वचा जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी किमान एक तरी खरी असू शकते असं त्यांतल्या सुमारे निम्म्यांना वाटत होतं. ज्यांच्या अशा समजुती जास्त, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली आणि त्यांचे उपचारही कमी अचूक ठरले. तक्त्याच्या जागी विद्यार्थ्याला तीन प्रश्न द्या: तुम्हाला यामुळे काय करता येत नाही? तुम्हाला हे कशामुळे झालं असं वाटतं? आमच्याकडून काय हवं आहे? हे कुठल्याही रुग्णाला विचारता येतात.

पायरी ६: वॉर्डात काय बोलायचं, याची तालीम

इथे व्याख्यान निरुपयोगी आहे. तोंडातून वाक्य बाहेर पडायची सवय व्हावी लागते, म्हणून तिघांच्या गटात भूमिका वाटून तालीम करा: रुग्ण, विद्यार्थी, शिक्षक.

पहिला प्रसंग. रुग्ण म्हणतो, ‘मला या मुलीने तपासायला नको. दुसरं कुणी पाठवा, आमच्यातलं.’ बहुतेक शिक्षक काय करतात? गप्प राहतात, दुसऱ्या विद्यार्थ्याला पुढे करतात आणि राउंड पुढे नेतात. त्या मुलीने त्यातून काय ऐकलं, याची कल्पना करा. आधी पाहा की रुग्ण शुद्धीत आणि स्थिर आहे का. डिलिरियममध्ये (आजारामुळे भ्रमात) असेल किंवा जीव धोक्यात असेल तर उपचार आधी, बाकी नंतर. स्थिर असेल तर शांतपणे: ‘या आमच्या टीमच्या डॉक्टर आहेत आणि त्यांचं काम मी रोज पाहते. इथे आम्ही वंशावरून डॉक्टर बदलत नाही. तुम्हाला दुसरी काही काळजी असेल तर सांगा, मी ऐकते आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नका. कधी कधी मागणीमागे भाषेची अडचण असते, कधी एखाद्या स्त्रीला पुरुषाने तपासणं नको असतं. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिचा मान राखायला हवा.

राउंड संपल्यावर विद्यार्थिनीला बाजूला घेऊन: ‘मघाशी झालं ते चुकीचं होतं. तू या पेशंटकडे पुन्हा जायचं की नाही, हे तू ठरव. काहीही ठरवलंस तरी तुझ्या पोस्टिंगच्या गुणांवर परिणाम होणार नाही. याची नोंद करायची असेल तर मी सोबत येते.’ सगळ्यांसमोर ‘तुला कसं वाटलं?’ असं विचारू नका.

दुसरा प्रसंग अवघड: बोलणारा सहकारी सर्जन आहे आणि टेबलावर पेशंट आहे. त्या क्षणी एक छोटं वाक्य पुरतं, ‘सर, हे इथे नको.’ उरलेलं थिएटरबाहेर, दोघांतच. आणि ज्युनिअरला हे करायला लावू नका. हुद्दा ज्याचा मोठा, आधी बोलायची जबाबदारी त्याची.

तिसरा प्रसंग, चूक शिक्षकाचीच. नाव अवघड वाटलं म्हणून विद्यार्थ्याला परस्पर दुसरं नाव ठेवणं, एकाच विद्यार्थ्याकडे वळून ‘तुमच्या लोकांत याबद्दल काय समजतात?’ असं विचारणं. हे लक्षात आलं की तीन वाक्यांत संपवा: ‘मी आत्ता जे बोललो ते चुकीचं होतं. तुला पूर्ण समाजाच्या वतीने उत्तर द्यायला लावायला नको होतं. प्रश्न सगळ्यांना विचारतो.’ मग पुढे चला. लांबलचक, डोळ्यांत पाणी आणून मागितलेली माफी विद्यार्थ्यावर उलटं ओझं टाकते, तोच शिक्षकाची समजूत काढत बसतो.

पायरी ७: गुण

या सत्राला लोक अनिच्छेने येतात, कारण प्रत्येक परीक्षकाला आपण निःपक्षपाती आहोत याची खात्री असते. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय शाळेतला २०१८चा अभ्यास त्यांच्यापुढे ठेवा. वैद्यकीय पेशात कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल मूल्यमापनात फरक अगदी बारीक होते. पण त्या बारीक फरकांतून ऑनर्स (सर्वोच्च) ग्रेड जवळपास निम्म्यावर आल्या आणि मानाच्या विद्यार्थी संस्थेत निवड होण्याची शक्यता एक तृतीयांश झाली. पुढे रेसिडेन्सीच्या जागा ठरताना हेही पाहिलं जातं. कुणा एकाने मोठा अन्याय केला नव्हता, तरी शेवटचा आकडा असा निघाला. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने तर वैद्यकीय शिक्षणातला भेदभाव आणि अन्याय २०३१ पर्यंत संपवण्याचं उद्दिष्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे.

करायची कामं साधी आहेत. लेखी उत्तरं नावाशिवाय तपासा. व्हायवा (तोंडी परीक्षा) आणि ओएससीईत काय केल्यावर किती गुण, हे आधी लिहून ठेवा आणि एकच चित्रफीत सगळ्या परीक्षकांना दाखवून स्वतंत्र गुण द्यायला सांगा. मग ते गुण फळ्यावर मांडा. दहापैकी चार आणि दहापैकी आठ शेजारी दिसले की पुढचं बोलायला प्रशिक्षकाची गरज उरत नाही. ‘आत्मविश्वास’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आमच्या विभागात शोभेल’ असे निकष रुब्रिकमधून (गुण देण्याच्या तक्त्यातून) काढा, किंवा त्यांचं प्रत्यक्ष वर्तनात रूपांतर करा. ‘आत्मविश्वास’ऐवजी ‘निदान सांगून त्याची दोन कारणं दिली’.

शिफारसपत्रांसाठी एक उपयोगी सराव: प्रत्येकाने आपली जुनी सहा पत्रं आणावीत, नावं झाकावीत आणि विशेषणांखाली रेघ मारावी. कुणाला ‘असामान्य’, ‘नेतृत्वगुण’ मिळालेत आणि कुणाला ‘कष्टाळू’, ‘नम्र’? निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. वाचून दाखवायची सक्ती करू नका.

विरोध होईल, तयारी ठेवा

‘आम्ही सगळ्यांना सारखंच शिकवतो.’ वाद घालू नका, पायरी २ मधला तक्ता पुढे करा. ‘म्हणजे जैविक फरक नसतातच का?’ असतात, माणसामाणसांत आणि वंशावळीत. वंशाचा रकाना ते पकडायला फार ढोबळ आहे. सिकल सेल आणि कार्बामाझेपिनकडे परत जा. ‘हे राजकारण आहे.’ ऑक्सिमीटरचा आकडा चुकणं राजकारण आहे का, एवढंच विचारा. ‘आजकालचे विद्यार्थी फार हळवे झालेत.’ यावर मी एवढंच म्हणेन की अपमान गिळायला लावून चांगला सर्जन घडतो याचा पुरावा आणा, आपण तपासू.

या सगळ्यांपेक्षा अवघड म्हणजे शांतता. हात बांधून, फोन पाहत बसलेला गट. त्यांना बोलतं करायला जाऊ नका, कागद द्या. ‘तुमच्या विषयातली कोणती स्लाइड आज तुम्हाला खटकते?’ नाव न लिहिता उत्तर. चिठ्ठ्या मिसळून वाचा. समोर न बोलणारे लोक कागदावर बरंच लिहितात. आणि एखादा शेवटपर्यंत बधणार नसेल तर त्याच्यामागे वर्ष घालवू नका. त्याच्या प्रश्नपेढीतल्या वंशाच्या गुणकाची दुरुस्ती परीक्षा समितीकडून करून घेता येते.

पायरी ८: झालं का, ते तपासा

सत्राच्या शेवटी भरून घेतलेला ‘आवडलं का?’ फॉर्म फेकून द्या असं म्हणत नाही, पण त्यावरून काही कळतं असंही समजू नका. तीन महिन्यांनी त्याच विषयाच्या स्लाइड पुन्हा मागवा आणि तोच तक्ता पुन्हा भरा. सहा महिन्यांनी सहकाऱ्याने एका राउंडला किंवा वर्गाला बसून निरीक्षण करावं, आधी ठरवलेल्या चार-पाच मुद्द्यांवर: नावं नीट घेतली का, प्रश्न कुणाकुणाला विचारले, केसमध्ये वंश आला तर कारणासह आला का, अपमानास्पद काही घडलं तर शिक्षक बोलले का. हे निरीक्षण बढतीच्या फायलीत जाणार नाही, हे आधी लेखी सांगा. नाहीतर सगळ्यांना नाटकाचा एक प्रयोग पाहायला मिळेल. विद्यार्थ्यांना विचारताना ‘वातावरण कसं आहे?’ असं ढोबळ विचारू नका. ‘गेल्या पोस्टिंगमध्ये तुमच्यासमोर कुणाचा वंश किंवा समाजावरून अपमान झाला का? तेव्हा शिक्षकांनी काय केलं?’ असं विचारा. पहिल्या वर्षी तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. लोक बोलू लागले याचीच ती खूण असू शकते. मात्र आलेल्या तक्रारीवर ठरलेल्या मुदतीत काय झालं, हे तक्रारदाराला कळलं नाही तर पुढच्या वर्षी आकडा पुन्हा शून्यावर जाईल.

दुसऱ्या वर्षी नवे विषय घ्या आणि पहिल्या वर्षीच्या गटातल्या दोघा-तिघांना प्रशिक्षक करा, अध्यापनाचे तास कमी करून. दुरुस्त केलेल्या स्लाइड आणि केस एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवा. प्रत्येकीवर दुरुस्तीची तारीख आणि कारण एका ओळीत लिहा, म्हणजे प्राध्यापक बदलून गेले तरी नव्या माणसाच्या हाती जुनी फाइल पडणार नाही. नव्या नेमणुकीच्या पहिल्या महिन्यात त्या फोल्डरची लिंक आणि स्लाइड दुरुस्तीचं एक सत्र, एवढं प्रशासनाकडून लेखी मंजूर करून घ्या. आणि वर्षातून एकदा, नव्या सत्राच्या आधी, ऑक्सिमीटर, ईजीएफआर आणि स्पायरोमेट्रीच्या स्लाइड पुन्हा तपासा. या तिन्ही विषयांत शिफारसी अजून बदलत आहेत.